खेळात उत्तर लगेच कळतं, संख्याशास्त्रात नाही

पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायला कॉम्प्युटर गेम वापरावेत का, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक गट म्हणतो, "मुलं आवडीनं शिकतील, अजून काय पाहिजे?" दुसरा म्हणतो, "आधीच मोबाइल हातातून सुटत नाही, आता वर्गातही खेळच खेळवा!" मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, कारण दोघंही सगळ्या खेळांना एकाच मापानं मोजतात. खेळाखेळांत फार फरक असतो. आज अशा तीन खेळांकडे जरा बारकाईनं बघू, आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारू: खेळणाऱ्याला बरोबर उत्तर कोण सांगतं, आणि कधी?

हाच प्रश्न का, ते आधी सांगते. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्यांना प्रॅक्टिकलची स्लिप आठवत असेल. 'बारा विद्यार्थ्यांची उंची व वजन खालीलप्रमाणे आहे. सहसंबंध गुणांक काढा.' हे बारा विद्यार्थी कोण, कुठले, वजन चपला घालून केलं की काढून, तेरावा कुठे गेला, असलं काही विचारायचं नसतं. सूत्रात आकडे घालायचे, कॅल्क्युलेटर बडवायचा, उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलशी ताडून बघायचं आणि सही घ्यायची. मी पहिल्या वर्षाची ट्युटोरियल्स घेते तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न असतो, "मॅडम, उत्तर किती आलं?"

संशोधनात मागच्या वर्षीचं जर्नल नसतं. एखादं औषध लागू पडतं का, एखाद्या मंडळात यंदा सोयाबीन हेक्टरी किती पिकलं, याचं खरं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं नाही. आपण नमुना घेतो, त्यावरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज किती चुकू शकतो तेही सांगतो. खरं उत्तर आपल्याला कधीच दिसणार नाही, हे मान्य करूनच संख्याशास्त्र सुरू होतं. एखादा खेळ ही जाणीव मुलांच्या अंगवळणी पाडतो की उलट ती पुसून टाकतो, यावर त्याची किंमत ठरायला हवी.

पहिला खेळ: नजरेची तालीम

'गेस द कोरिलेशन' हा ओमर वागीह यांनी बनवलेला, ब्राउझरमध्ये चालणारा छोटा खेळ. रूप जुन्या व्हिडिओ गेमसारखं. पडद्यावर ठिपक्यांचा ढग दिसतो, म्हणजे आपला स्कॅटर प्लॉट. त्याचा सहसंबंध गुणांक, म्हणजे कोरिलेशन, ० ते १ मध्ये किती असेल ते ओळखायचं. अंदाज खऱ्या आकड्याच्या ०.०५ च्या आत आला की एक जीव आणि नाणी मिळतात. ०.१० च्या आत आला तर एक नाणं. त्याहून जास्त चुकलं की एक जीव जातो.

खेळ चटकन जीव लावतो, हे कबूल करायलाच हवं. आणि त्यातून एक गोष्ट खरोखर शिकायला मिळते. ०.५ कोरिलेशन म्हणजे 'निम्मा संबंध' असं बऱ्याच मुलांना वाटतं. ०.५ चा ढग बघितला की डोळे उघडतात, कारण तो फारच विस्कटलेला असतो. वर्ग केला तर ०.२५, म्हणजे एका चलातल्या चढउतारापैकी जेमतेम पाव भाग दुसऱ्यावरून समजतो. सूत्र शंभर वेळा लिहून जे कळत नाही ते इथे दहा मिनिटांत कळतं.

पण आता माझ्या तक्रारी. पहिली चौकटीबद्दल. क्लीव्हलंड, डायकोनिस आणि मॅकगिल यांनी १९८२ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं की तेच ठिपके मोठ्या चौकटीत काढले, म्हणजे ढगाभोवती मोकळी जागा जास्त सोडली, की बघणाऱ्याला संबंध जास्त घट्ट वाटतो. गुणांक तोच, डोळा मात्र फसतो. एकाच ठरावीक चौकटीवर नजर तयार झालेला खेळाडू दुसऱ्या चौकटीत किती टिकेल? खेळ हे कधी तपासतच नाही.

दुसरी तक्रार ढगाच्या आकाराबद्दल. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली चार छोटे संच दिले होते. प्रत्येकात अकरा जोड्या, आणि चौघांचाही गुणांक ०.८२ च्या आसपास. काढून बघितलं तर एक साधा ढग, एक वक्ररेषा, एक सरळ रेषा पण एका चुकार ठिपक्यानं बिघडवलेली, आणि एका संचात तर सगळा संबंध एकट्या लांबच्या ठिपक्यामुळे तयार झालेला. अँस्कोम यांचं म्हणणं असं की आकडा काढण्याआधी चित्र बघा. हा खेळ चित्र दाखवतो खरा, पण लगेच त्याचा आकडा करायला लावतो. 'इथे कोरिलेशन काढण्यात अर्थ नाही' असं बटण त्यात नाही. ऋण सहसंबंधालाही जागा नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा, ढगात १०० ठिपके आहेत आणि गुणांक आला ०.५०. हे १०० ठिपके एका मोठ्या समष्टीतून निवडलेला नमुना असतील तर समष्टीतला खरा गुणांक किती असू शकेल? फिशर यांच्या रूपांतरानं हिशोब केला तर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ०.३४ ते ०.६३ येतो. म्हणजे शंभर निरीक्षणं हातात असूनही आपण फार तर एवढंच म्हणू शकतो. आणि खेळ मात्र ०.१० नं चुकलं की जीव घेतो! नमुन्याचा गुणांक ओळखायचा, एवढाच खेळाचा नियम असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या त्याचं काही चुकत नाही. पण मनावर ठसतं ते वेगळंच: कोरिलेशन नावाची एक नेमकी गोष्ट असते, ती कुणाला तरी माहीत असते, आणि आपण ओळखली की टिंग वाजतं. हे जर्नलचंच रंगीत रूप झालं.

दुसरा खेळ: बाजूच्या बाकावरचा आउटलायर

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजच्या शोंडा कायपर आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राच्या वर्गासाठी काही ऑनलाइन खेळ तयार केले. त्यांबद्दल कायपर आणि रॉडनी स्टर्डिव्हंट यांचा लेख २०१५ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये आला. यातला 'टायगरस्टॅट' दिसायला जास्त देखणा. अभयारण्यात फिरून वाघ पकडायचे, मोजमापं घ्यायची आणि रिग्रेशन वापरून वयाबद्दल निष्कर्ष काढायचे. मला मात्र त्याहून साधा 'टॅनग्रॅम्स' जास्त आवडतो.

टॅनग्रॅम म्हणजे सात तुकडे जोडून आकृती बनवायचं जुनं कोडं. इथे मुलं आधी स्वतःचा प्रश्न ठरवतात: गणितवाले कोडं लवकर सोडवतात का? गाणी लावली तर वेळ वाढतो का? मग वर्गातली सगळी मुलं खेळतात, कुणाला किती वेळ लागला याची नोंद आपोआप होते, आणि विश्लेषणाचा कच्चा माल म्हणजे त्यांचेच आकडे.

आता बघा काय होतं. समजा, पाच जणांचे वेळ सेकंदांत ६०, ७०, ८०, ९० आणि ६०० आले. सरासरी १८०. शेवटचा काढला तर ७५. पाचांची मध्यिका ८०. हा ६०० ठेवायचा की काढायचा? पुस्तकात आउटलायरसाठी नियम असतो, तो लावला की झालं. इथे ६०० वाला बाजूच्या बाकावर बसलेला असतो. त्याला विचारता येतं. तो म्हणेल, "अरे, मी टॅब उघडी ठेवून चहाला गेलो होतो," तर काढायला कारण मिळालं. पण तो म्हणाला, "मला खरंच जमत नव्हतं," तर? मग तो काढणं म्हणजे ज्याला कोडं अवघड गेलं त्यालाच हिशोबातून बाहेर घालवणं. आकडा दोन्ही वेळा ६०० च. काढायचा की नाही, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही; तो आकडा कसा आला त्यावरून ठरतं. हे मी फळ्यावर लिहून कितीही सांगितलं तरी पोचत नाही.

अजून गंमत म्हणजे डावाच्या क्रमाची. सगळ्यांनी आधी गाण्यांशिवाय आणि नंतर गाण्यांसकट खेळ केला, तर दुसऱ्या वेळी वेग वाढेल तो गाण्यांमुळे की सरावामुळे? कुणाला आधी काय द्यायचं ते नाणं उडवून ठरवायला हवं होतं, हे मुलांच्या लक्षात येतं तेव्हा बहुधा आकडे गोळा होऊन गेलेले असतात. असा पस्तावा चांगला. यादृच्छिकीकरण हा शब्द परीक्षेपुरता पाठ करण्यापेक्षा एकदा तो न केल्याचे परिणाम भोगलेले बरे.

आणि इथे उत्तर कोण सांगतं? कुणीच नाही. गाण्यांमुळे वेळ वाढतो की नाही हे सर्व्हरला माहीत नाही, बाईंनाही नाही. म्हणूनच हा खेळ पहिल्यापेक्षा संख्याशास्त्राच्या जास्त जवळ आहे. धोका एकच: मार्क देताना शिक्षकांनी 'पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली का' एवढंच बघितलं, तर मुलं तो ६०० चा आकडा कधी ठेवायचा आणि कधी काढायचा हे बरोब्बर शिकतील, पण नको त्या कारणासाठी.

तिसरा खेळ: कंटाळवाणं बेट

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात मायकेल बुल्मर यांनी 'आयलंड्स' नावाची आभासी बेटं तयार केली. बेटांवर गावं, गावांत घरं, घरांत माणसं. विद्यार्थ्यानं घरोघरी जायचं, अभ्यासात भाग घेणार का म्हणून संमती मागायची, आणि मिळाली तर रक्तदाब घ्यायचा, काही करायला द्यायचं, काही विचारायचं. काही जण चक्क नाही म्हणतात. गुण नाहीत, जीव नाहीत, नाणी नाहीत. याला खेळ म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, पण भातुकलीला खेळ म्हणत असू तर हाही खेळच.

पहिल्या दहा मिनिटांत वाटतं, किती कंटाळवाणं! एकेक घर उघडा, एकेकाला विचारा. पण याच कंटाळ्यात सगळा धडा आहे. यादृच्छिक नमुना घ्यायचा तर कुठल्यातरी लांबच्या गावातलं अमुक नंबरचं घर शोधावं लागतं. समोरच्याच गावातली पहिली वीस घरं घेतली तर काम पटकन उरकतं. हा मोह होणं आणि तो ओळखता येणं, हे नमुना सर्वेक्षणाचं अर्धं शिक्षण आहे. पुस्तकातल्या उदाहरणात हा मोह होतच नाही, कारण नमुना लेखकानं आधीच घेऊन ठेवलेला असतो.

तरी एक शंका राहते. खऱ्या गावात माणूस नाही म्हणतो त्याला कारण असतं, आणि पुष्कळदा ते कारण आपण जे मोजायला गेलोय त्याच्याशीच जोडलेलं असतं. दारूबद्दल विचारायला गेलं तर दार कोण लावून घेईल? असं नातं बनवलेल्या गावात कुणीतरी आठवणीनं घालावं लागतं. बनवणाऱ्याला जे सुचलं नाही ते बेटावर कधीच घडणार नाही. खरं गाव असली हमी देत नाही.

'मुलांना आवडलं' हा पुरावा आहे का?

या खेळांमुळे मुलं खरंच जास्त शिकतात का? असा दावा दिसला की मी तीन गोष्टी बघते. पहिली, मोजलं काय? 'तास आवडला का' या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावरून समज वाढली हे सिद्ध होत नाही. दुसरी, निवडलं कुणाला? आधीच्या चाचणीत कमी मार्क पडलेल्यांना खेळ दिला आणि पुढच्या चाचणीत त्यांचे मार्क वाढले, तर त्यातली काही वाढ खेळाशिवायही झालीच असती. एका दिवशी फार खाली गेलेला आकडा पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतो. ही रिग्रेशन टु द मीन आपणच दुसऱ्या वर्षाला शिकवतो. तिसरी, नमुना केवढा? 'अ' तुकडीतल्या साठ जणांनी खेळ खेळला आणि 'ब' तुकडीतल्या साठ जणांनी नाही, तर एकशेवीस निरीक्षणं आहेत असं वाटतं. पण खेळ वाटला गेला तो तुकड्यांना. 'अ'चे सर चांगले असतील, 'ब'चा तास दुपारी जेवणानंतर असेल. तुलना दोन तुकड्यांची झाली, आणि दोनच्या नमुन्यावर कुणी काय ठरवावं?

संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी तरी स्वतःच्या वर्गाबद्दल दावा करताना हे विसरू नये, एवढीच अपेक्षा.

आपल्या शेतातला खेळ

वाघ आणि बेटं ठीक आहेत, पण आपल्याकडे असा खेळ करायचा तर विषय शोधायला लांब जायला नको. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात पिकाचं उत्पादन नमुन्यावरून काढताना कापणीचा तुकडा केवढा घ्यावा, यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा गाजलेला वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पादन जास्त भरतं. कारण अगदी माणसाचं आहे. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर? हात आपोआप ते आत घेतो.

हिशोब करून बघा. समजा, प्रत्येक बाजूला चुकून ५ सेंटिमीटर जास्त कापलं गेलं. तुकडा १ मीटर बाय १ मीटर असेल तर प्रत्यक्षात कापलं १.१ बाय १.१, म्हणजे १.२१ चौरस मीटर. उत्पादन २१ टक्के फुगलं. तुकडा १० मीटर बाय ५ मीटर असेल तर कापलं १०.१ बाय ५.१, म्हणजे ५१.५१ चौरस मीटर. फुगवटा ३ टक्के. चूक तीच, हात तोच.

आज याचं महत्त्व कमी झालेलं नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पादनाला मोठा आधार मानलं गेलं आहे. सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या किती खाली गेलं, यावर भरपाई ठरते. समजायला आकडे धरू: उंबरठा हेक्टरी १२ क्विंटल, खरं पीक १० क्विंटल. २१ टक्के फुगवटा आला तर कागदावर १२.१. भरपाई शून्य! तुकडा ऐसपैस का घ्यायचा, याचं यापेक्षा चांगलं उत्तर कुठलं असेल? दोरीवरच्या चार रोपांनी अख्ख्या मंडळाचे पैसे बुडू शकतात.

असा खेळ कल्पून बघा. पडद्यावर शेत, विद्यार्थ्यानं यादृच्छिक आकडे वापरून तुकडा ठरवायचा, दोरी लावायची, दोरीवरचं प्रत्येक रोप आत की बाहेर ते स्वतः ठरवायचं, पावसाचं चिन्ह दिसत असताना लांबच्या गटापर्यंत जायचं की बांधाजवळच उरकायचं तेही ठरवायचं. शेवटी उत्पादनाचा आकडा आणि त्याची चूक लिहून द्यायची. खरं उत्पादन खेळ सांगणार नाही. तो फक्त इतर चाळीस जणांचे अंदाज शेजारी मांडेल. सगळ्यांचेच अंदाज एकाच बाजूला झुकलेत की काय, असा संशय मुलांना आपणहून यायला हवा. नमुना वाढवून जी चूक जात नाही तिला बायस म्हणतात, ही व्याख्या मग लिहून द्यावी लागणार नाही.

हा खेळ कुणी करेपर्यंत हातात आहे त्याच्याकडून काम करून घेऊ. पुढच्या ट्युटोरियलला मी 'गेस द कोरिलेशन'च वापरणार आहे, थोडा मोडून. मुलं एकच आकडा लिहिणार नाहीत. '९० टक्के खात्री आहे' असं वाटणारी खालची आणि वरची मर्यादा लिहितील. वीस ढगांपैकी साधारण अठरा वेळा खरा आकडा त्या मर्यादांत सापडायला हवा. वीसच्या वीस सापडले तर मर्यादा फार सैल, दहाच सापडले तर आत्मविश्वास फाजील. मग दुसऱ्या फेरीत उत्तर दिसण्याआधीच मी स्क्रीन झाकणार, आणि "मॅडम, उत्तर किती आलं?" असं कुणी विचारलं तर त्यालाच विचारणार, "तुझा अंदाज किती, आणि तो किती चुकू शकतो?"